निःस्वार्थ प्रेम आणि भक्ती करायची तर पैसा आणि इच्छा सोडाव्याच लागतात का?

तुम्ही विचारलंय की नोकरी, घराचा हप्ता, पोरांच्या फिया हे सगळं मागे लागलेलं असताना निःस्वार्थ प्रेम, भक्ती वगैरे जमतं का, की आधी पैसा आणि इच्छा सोडायला लागतात. मला विचाराल तर पैसा सोडायची गरज नाही, त्याच्यावरचं "हे माझं" सोडायला लागतं आणि ते कितीतरी अवघड आहे. हे मी गाडगेबाबांकडे बघून म्हणतोय. मी अमरावतीकडचा, आमच्या घरात बाबांचं नाव रोज निघायचं.

बाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, 1876 चा जन्म, गाव शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले, मग आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला आले, तिथे गुरं राखली, शेतात राबले, आणि सावकाराच्या कागदात मामाची जमीन कशी जाते हेही पाहिलं. म्हणजे पैसा काय करतो हे या माणसाला चांगलं माहीत होतं. 1905 मध्ये घर सोडलं ते सोडलंच, हातात खराटा आणि जवळ एक फुटकं गाडगं, त्यातच मिळेल ती भाकरी खायची, दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचं, कीर्तनात काय तर कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरं कापू नका, आणि वेळ पडली तर घरातली भांडी विका पण पोरांना शाळेत घाला.

आता मुद्दा बघा. स्वतःसाठी रुपया न ठेवणाऱ्या या माणसाने समाजाकडून लाखो रुपये उभे केले. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, अन्नछत्रं चालवली, आणि पैशाच्या बाबतीत ते अजिबात बेफिकीर नव्हते, ट्रस्ट करून दिले, कारभार विश्वस्तांच्या हातात दिला आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर हक्क राहणार नाही हे बघितलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, उभी इमारत, काही परत न मागता. पैसा त्यांच्या हातातून आला आणि गेला, चिकटला नाही. मला तरी निष्काम याचा अर्थ एवढाच कळतो.

पण एक गोष्ट मला अजूनही टोचते ती सांगतो. बाबांनी घर सोडलं तेव्हा मागे त्यांची बायको कुंताबाई होत्या, लेकरं होती. त्यांनी ते दिवस कसे काढले असतील? आपण बाबांचे फोटो लावतो, कुंताबाईंचं नाव किती जणांना माहीत असतं? त्यामुळे "सगळं सोडून निघून जा" असं मी कोणाला कधीच सांगणार नाही, त्या त्यागाची अर्धी किंमत घरातल्या बाईने भरलेली असते, तिला कोणी विचारलेलं पण नसतं.

आणि भक्ती म्हणाल तर बाबा पंढरपूरला वारीत जायचे पण देवळात दर्शनाला जायचे नाहीत असं सांगतात. वाळवंट झाडायचे, आजाऱ्याला, भुकेल्याला बघायचे. मला हे फार मोठं वाटतं, कारण एवढं चालून गेल्यावर निदान दर्शन तरी मिळावं ही इच्छा कोणाला नसते हो? ती चांगलीच इच्छा आहे, पण तीसुद्धा शेवटी आपल्यासाठीच असते.

आमच्या गावच्या दिंडीचा जमाखर्च मी बघतो म्हणून मला देणाऱ्यांचे चेहरे माहीत आहेत. कोणी पंगत देतं आणि माइकवर नाव कधी घेणार ते विचारतं, बॅनरवर फोटो लहान आला म्हणून रुसतं. मी त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांच्या पैशानेही वारकरी जेवतोच. पण काही बायका येतात, पदराची गाठ सोडून नोट हातात देतात, नाव विचारलं तर "लिहू नका भाऊ" म्हणून निघून जातात. रक्कम लहान असते पण तिथे देण्याघेण्याचा व्यवहार नसतो, आणि फरक मला यातच दिसतो. घरातही तेच. आईवडिलांचं आजारपण काढायचं आणि मग सातबाऱ्यावर नाव चढायच्या वेळी "मी एवढं केलं" म्हणून भांडायचं, तर ते जे केलं ते प्रेमाने केलं होतं की आगाऊ भरलेला हप्ता होता हे ज्याचं त्यानेच बघावं.

तुकोबांनीही पैसा मिळवू नका असं कुठं म्हटलंय? चांगल्या व्यवहाराने जोडा आणि उदास विचाराने खर्च करा असंच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते स्वतः वाण्याच्या दुकानावर बसलेले, सावकारीच्या घरातले होते, नंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली असं सांगतात. लोकांकडून जे येणं होतं त्यातलं सोडलं ते फक्त स्वतःचं, भावाचा वाटा भावाला दिला. हे पण लक्षात घ्या, दुसऱ्याच्या पैशावर त्याग करायचा नसतो.

तेव्हा घराचा हप्ता भरा, पोरांच्या फिया भरा, ते तुमचं प्रेमच आहे. फक्त महिन्याला काहीतरी अशा ठिकाणी द्या जिथे तुमचं नाव लागणार नाही आणि परत काही मिळणार नाही, पैसा नसेल तर वेळ द्या. मुंबईत असाल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या उपचाराला बाहेरगावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात. एखाद्या रविवारी जाऊन काय लागतं ते विचारून या.