वाचकांचे प्रश्न : कुत्र्याचे खाद्य, गोणीवरचा भाव आणि रोजचा खर्च

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा, १२ किलो वजनाचा, नसबंदी झालेला देशी कुत्रा आहे. आजवर त्याला दूध-पोळी आणि अधूनमधून चिकन-भात देत आलो. आता तयार कोरडे खाद्य सुरू करायचे आहे. दुकानात एक खाद्य २४० रुपये किलो, दुसरे ३२० रुपये किलो आहे, आणि दुकानदार मोठ्या गोणीतले सुटे खाद्य याहून स्वस्तात देतो. महिन्याला दोन हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. निवड कशी करावी?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : किलोचा भाव तूर्त बाजूला ठेवा आणि रोजचा खर्च काढा, कारण प्रत्येक खाद्यातील ऊर्जा वेगळी असते आणि त्यामुळे रोज लागणारे वजनही वेगळे असते. १२ किलोच्या कुत्र्याची विश्रांतीच्या अवस्थेतील गरज सुमारे ४५० किलोकॅलरी असते. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ती १.६ पट धरतात, म्हणजे दिवसाला साधारण ७२०. समजा, २४० रुपयांच्या खाद्यात १०० ग्रॅमला ३०० किलोकॅलरी आहेत आणि ३२० रुपयांच्या खाद्यात ३८०. पहिले रोज २४० ग्रॅम लागेल व त्याचे ५८ रुपये होतील. दुसरे १९० ग्रॅम पुरेल व त्याचे ६१ रुपये होतील. किलोमागे ८० रुपयांचा दिसणारा फरक दिवसाला तीन रुपयांवर येतो, आणि दोन्ही खाद्ये आपल्या दोन हजारांत बसतात. कॅलरी पिशवीवर छापलेल्या नसतील तर प्रथिने आणि कर्बोदके यांच्या टक्केवारीला ३.५ ने व स्निग्धांशाच्या टक्केवारीला ८.५ ने गुणून बेरीज करावी; १०० ग्रॅममधील अंदाजे ऊर्जा मिळते. कर्बोदकांचा आकडा बहुधा दिलेला नसतो. १०० मधून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजांचा अंश) वजा केली की तो निघतो.

किंमत जुळल्यावर लेबल वाचावे. ‘संपूर्ण व संतुलित’ या अर्थाचे विधान आणि ते कोणत्या वयासाठी आहे, हे सर्वांत आधी पाहावे. ‘पूरक’ असे लिहिलेले खाद्य रोजचे जेवण म्हणून चालत नाही. अमेरिकेतील आफ्को या संस्थेच्या निकषांनुसार, ओलावा वगळून मोजल्यास, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिने व ५.५ टक्के स्निग्धांश हवा. पिल्लांसाठी हेच आकडे २२.५ आणि ८.५ आहेत. ओलावा वगळण्याची अट महत्त्वाची आहे. पाऊचमधल्या ओल्या खाद्यावर ‘प्रथिने ८ टक्के’ असे वाचून ते निकृष्ट वाटते, परंतु त्यात ८० टक्के पाणी असेल तर कोरड्या भागात प्रथिने ४० टक्के भरतात. मात्र केवळ पाऊचवर पोट भरायचे तर रोज सात-आठ पाऊच लागतील, आणि ते आपल्या खर्चात बसणार नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ताज्या चिकनमध्ये बरेच पाणी असल्याने ते यादीत पहिले दिसले म्हणजे खाद्यात मांसच अधिक आहे, असे समजू नये. तांदूळ किंवा मका दिसला म्हणून खाद्य वाईट ठरत नाही, कारण शिजवलेले पिष्ट कुत्र्याला चांगले पचते.

सुटे खाद्य मात्र घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगतो. त्यावर बॅच क्रमांक नसतो आणि वापरण्याची मुदतही नसते. गोणी उघडल्यापासून स्निग्धांश हवेने खवट होत जातो. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे बुरशीचीही भीती असते. मूळ पिशवीतच, तोंड घट्ट बंद करून, ती डब्यात ठेवावी आणि सहा आठवड्यांत संपेल एवढेच घ्यावे. ३२० रुपयांच्या खाद्याची १० किलोची गोणी आपल्या कुत्र्याला सात आठवड्यांहून अधिक पुरेल, म्हणून किलोमागे थोडे जास्त पडले तरी लहान पिशवी घ्यावी.

दूध-पोळी एकदम तोडू नका. जुने खाद्य कमी व नवे जास्त करत सात ते दहा दिवसांत बदल करा. पुढेही पोळीचा तुकडा, उकडलेले अंडे यांसारखे घरचे पदार्थ देण्यास हरकत नाही, पण ते दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नयेत. त्याहून अधिक झाल्यास संतुलन बिघडते. महिन्यातून एकदा वजन करावे आणि फासळ्यांवर हात फिरवावा. त्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाद्य थोडे कमी करावे.

प्रश्न : तीन महिन्यांच्या लॅब्राडोर पिल्लाला पिल्लांच्या खाद्याबरोबर कॅल्शियमचे सिरप द्यावे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचे शरीर या वयात जादा कॅल्शियमचे शोषण रोखू शकत नाही आणि त्यामुळे हाडे व सांधे वेडेवाकडे वाढू शकतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी असलेले संतुलित खाद्य पुरेसे आहे. केवळ चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. तेथे मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

प्रश्न : श्रावणात आमच्या घरी सामिष शिजत नाही. त्या महिन्यात कुत्र्याला वरण-भात दिला तर चालेल का?
— एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : एक महिना केवळ वरण-भात देऊ नये; प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही अपुरी पडतात. घरात सामिष शिजवायचे नसेल तर त्या काळापुरते संपूर्ण व संतुलित असे शाकाहारी कोरडे खाद्य वापरता येते. कुत्रा अशा खाद्यावर राहू शकतो, मांजर नाही. आषाढाच्या शेवटच्या आठवड्यातच बदल सुरू करा, म्हणजे पोट बिघडणार नाही. वरणाची फोडणी लसणाची असेल किंवा त्यात कांदा असेल, तर ते वरण त्याला घालू नये, कारण दोन्हींमुळे रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. आणि सणाच्या शिऱ्यातले बेदाणे व मनुका त्याच्यापासून कटाक्षाने दूर ठेवाव्यात, कारण त्यांच्या थोड्या प्रमाणानेही मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आहेत.