अंड्यांची ऊब सांभाळताना

प्रश्न : नोंदणी केलेल्या बॉल पायथन या पाळीव अजगराची सहा अंडी मी उबवणपेटीत ठेवली आहेत. एप्रिलच्या दुपारी माडीवर पेटीतला पारा ३४ अंशांवर जातो, आणि रात्री वीज गेली की २७ वर उतरतो. काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : या अंड्यांना सुमारे दोन महिने ३१ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. काही तासांच्या गारव्याने बहुधा पिल्ले उशिरा निघतात एवढेच. परंतु अति उष्णतेने गर्भात व्यंग येते किंवा तो दगावतो, म्हणून मला तुमच्या रात्रीपेक्षा दुपारची काळजी अधिक वाटते. पेटी आजच तळमजल्यावरील गार खोलीत हलवा, थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांलगत ठेवा आणि पेटीत पाण्याच्या बंद बाटल्या ठेवा, म्हणजे पारा सावकाश चढेल-उतरेल. हलवताना अंडी मुळीच उलटू देऊ नका; प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने हलकी खूण करा. कवचाला खळगा दिसल्यास बहुधा ओलावा कमी पडला आहे. तेव्हा भोवतीचे व्हर्मिक्युलाइट (अंडी ज्यात ठेवतात ते ओल धरणारे खनिज) भिजवा, अंड्यावर पाणी शिंपडू नका.