300 पानांच्या इंग्रजी पुस्तकासाठी गॅरामाँड फॉन्ट खरंच डोळ्यांना सुखाचा असतो का?

वडिलांच्या इंग्रजी आठवणींचं 300 पानी पुस्तक छापायचंय, कुणीतरी ‘गॅरामाँड लावा’ म्हणालं, तर त्यात तथ्य किती आणि वर्डमधलाच चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तथ्य आहे. वर्डमधला मात्र मी लावणार नाही. पुस्तकांची मांडणी हेच माझं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गॅरामाँड हा एक फॉन्ट नव्हे, अख्खं घराणं आहे. मूळपुरुष क्लोद गॅरामाँ, 16व्या शतकातला पॅरिसचा कारागीर. पोलादी पंचावर अक्षर उलटं कोरायचं, तो पंच तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यातून छपाईचे शिशाचे खिळे ओतले जायचे. त्याच्या डोळ्यांपुढे नमुना होता व्हेनिसचा: आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने 1495च्या सुमारास कापलेला टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच. आणि त्याच्याही मागे होती इटलीतल्या पंडितांची रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेली अक्षरं. बोरूने कित्ता गिरवला असेल, तर ही जाड-बारीक रेघ कुठून येते ते तुम्हाला सांगायला नको.

स्क्रीनवर स्मॉल ओ भरपूर मोठा करून बघा. त्याच्या बारीक जागा बरोब्बर वर आणि खाली नसतात, घड्याळातल्या 11 आणि 5 वर असतात. म्हणजे अक्षर किंचित कललेलं, हाताचं. 18व्या शतकाच्या अखेरीस बोदोनी या इटालियन मुद्रकाने हाच ओ ताठ उभा केला आणि बारीक रेषा केसाएवढ्या केल्या. मथळ्याला देखणा, पण पानभर मजकुरात नुसत्या उभ्या काठ्याच डोळ्यांत भरतात. गॅरामाँडमध्ये जाड-बारीक यांत एवढी तफावत नाही, म्हणून पानाचा रंग एकसारखा करडा दिसतो. शिवाय एल, डी, एच यांच्या माना कॅपिटलपेक्षाही उंच असतात. त्यामुळे शब्दांची बाह्याकृती वेगवेगळी राहते आणि कॅपिटल अक्षरं मध्येच ओरडत नाहीत.

सेरिफ (रेषांच्या टोकांना छोटे पाय असलेली अक्षरं, गॅरामाँडसारखी) की बिनसेरिफ, या वादाचा संशोधनातून ठाम निकाल लागलेला नाही, तेव्हा ‘डोळ्यांचा त्रास निम्मा होतो’ वगैरे कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आता वर्डमधल्याबद्दल. तो मोनोटाइप कंपनीचा, आणि गंमत म्हणजे तो गॅरामाँचा नाहीच! फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात जपलेला एक टाइप लोक त्याचा समजत होते. मुद्रणकलेच्या अभ्यासक बिॲट्रिस वॉर्ड यांनी 1926 मध्ये पॉल बोजाँ या टोपणनावाने लेख लिहून दाखवून दिलं की ते काम 17व्या शतकातल्या जाँ जानाँ या फ्रेंच कारागिराचं. टाइप वाईट नाही, पण त्याच्या इटॅलिकमध्ये प्रत्येक अक्षराचा कल निराळा. आठवणींच्या पुस्तकात पुस्तकांची नावं, परभाषेतले शब्द सारखे इटॅलिकमध्ये येतात, तिथे ते खुपतं.

तुम्ही ईबी गॅरामाँड घ्या. फुकट आहे, छापायलाही मोकळा. ईबी म्हणजे एगेनोल्फ-बर्नर. फ्रँकफर्टच्या या टाइप फाउंड्रीने (खिळे ओतण्याच्या कारखान्याने) 1592 मध्ये काढलेल्या नमुनापत्रावरून गेओर्ग डुफनर यांनी तो घडवला. सरळ टाइप गॅरामाँचा, इटॅलिक त्याच शतकातल्या रोबेर ग्राँजाँ या फ्रेंच कारागिराचं. पैसे खर्चायची तयारी असेल तर यान चिकोल्ड यांचा 1967चा सेबॉन. तो जरा भरीव आहे आणि आपल्याकडच्या पातळ कागदावर मला तो जास्त आवडतो.

लोक फसतात ते आकारात. या घराण्याची स्मॉल अक्षरं बुटकी असतात. टाइम्स न्यू रोमन वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यांसाठी बनला, म्हणून तो 11 पॉइंटलाही मोठा दिसतो. इथे 12 च्या खाली जाऊ नका. डेमी आकारात (नेहमीच्या पुस्तकाच्या मापात) 12 वर 15 चं लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून दुसरीपर्यंतचं अंतर, ठेवा आणि स्पेस धरून ओळीत 60 ते 70 अक्षरं बसतायत ना, एवढं पाहा. तळटीपांना नुसतं 9 पॉइंट केलंत तर रेषा झिजल्यासारख्या दिसतील. खिळ्यांच्या काळात लहान टाइप वेगळा, मुद्दाम दणकट कापायचे. गूगल फॉन्ट्सवरच्या ईबी गॅरामाँडमध्ये ती सोय नाही. तिथे मीडियम वजन, म्हणजे किंचित जाड रेषेचा प्रकार, वापरा.

मध्येमध्ये मराठी ओव्या आहेत म्हणालात. ईबी गॅरामाँडमध्ये देवनागरी नाही. तिरो देवनागरी मराठी लावून बघा, तोही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे. दोन्हींचा पॉइंट साइझ सारखा ठेवू नका, शेजारी शेजारी ठेवून नजरेनेच जुळवा. आणि हे सगळं स्क्रीनवर ठरवू नका: ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर मूळ आकारात दोन-चार पानांचं प्रूफ काढून घ्या आणि ते वडिलांच्याच वयाच्या कुणाला तरी वाचायला द्या.