ईआर आणि मायटोकॉन्ड्रिया चिकटतात म्हणून ऑटोफॅजी होते का?

तुमच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे: ईआर (आंतर्द्रव्यजालिका) आणि मायटोकॉन्ड्रिया (तंतुकणिका) जिथे जवळ येतात तिथे ऑटोफॅगोसोम तयार होतो, म्हणजे ऑटोफॅजीत (पेशी स्वतःचाच टाकाऊ माल पचवते ती क्रिया) तो माल गुंडाळून लायसोसोमकडे नेणारी पिशवी. जवळ येऊन नेमकं होतं काय, आणि जळगावच्या कॉलेजात ते दाखवता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

ओळ बरोबर आहे. घोळ 'चिकटतात' या शब्दाने होतो. दोन पटलांमध्ये १० ते ३० नॅनोमीटर अंतर राहतं. प्रथिनं त्यांना धरून ठेवतात, पण पटलं एकजीव होत नाहीत. पांझरा नदीवरची पाटपाण्याची फड पद्धत पाहिली असेल तर लगेच लक्षात येईल: पाटाचं पाणी चारीने शेतात उतरतं, त्यासाठी बांध फोडून कोणी दोन शेतं एक करत नाही. इथे पाण्याच्या जागी लिपिड समजा.

लिपिड लागतं भरपूर. ऑटोफॅगोसोम दुहेरी पटलाचा असतो, व्यास साधारण अर्धा ते दीड मायक्रोमीटर, आणि तो दहाएक मिनिटांत उभा राहतो. सुरुवात करणाऱ्या, एटीजी९ हे प्रथिन असलेल्या पुटिका (छोट्या पिशव्या) मात्र जेमतेम ३० ते ६० नॅनोमीटरच्या. यीस्टमध्ये तर तीनेकच पुरतात. त्या म्हणजे नुसतं विरजण. बाकीचा माल मुख्यतः ईआरकडून एटीजी२ मार्फत येतो. हे सुमारे २० नॅनोमीटर लांबीचं दांड्यासारखं प्रथिन. अंगावर लांबच लांब पाणी टाळणारी खाच, एक टोक ईआरवर, दुसरं वाढत्या पटलाच्या कडेवर. ते लिपिड वाहून नेतं हे २०१९ मध्ये दिसलं. पण प्रत्येक पटल लिपिडच्या दोन थरांचं असतं, आणि एटीजी२ लिपिड उचलतं आणि टाकतं ते पेशीद्रवाकडच्या थरातच. तेवढ्यावर थांबलं तर एक थर फुगेल, दुसरा उपाशी राहील. म्हणून दोन्ही थरांत वाटणी करणारी स्क्रॅम्बलेज नावाची प्रथिनं लागतात: नव्या पटलावर एटीजी९, ईआरवर टीएमईएम४१बी आणि व्हीएमपी१.

मायटोकॉन्ड्रियाचा संबंध २०१३ मध्ये पुढे आला. पेशी उपाशी राहिली की सिंटॅक्सिन १७ या प्रथिनाच्या ओढीने एटीजी१४ हे प्रथिन ईआर-मायटोकॉन्ड्रियाच्या सांध्यावर (जवळ येण्याच्या जागी) येतं. त्याच्या संकुलात पीआय३पी हे खुणेचं लिपिड बनतं आणि त्यावर डीएफसीपी१ हे प्रथिन जमतं. हा सांधा टिकवणारी पॅक्स२ किंवा एमएफएन२ ही प्रथिनं कमी केली की ऑटोफॅगोसोम घटतात. हा एकच सांधा आहे असं मात्र लिहू नका. ईआर आणि प्लाझ्मा पटलाच्या सांध्याचाही हातभार आढळला आहे.

आणि जास्त संपर्क म्हणजे जास्त ऑटोफॅजी, हेही खरं नाही. व्हीएमपी१ काढलं तर पटल ईआरला धरूनच बसतं, सुटत नाही, आणि काम तिथेच अडतं.

आता प्रयोग. उपाशी ठेवायच्या पेशी ईबीएसएसमध्ये (अमिनो आम्लं नसलेलं क्षारांचं द्रावण) दोन तास ठेवा. चार नमुने हवेत: पोसलेल्या आणि उपाशी, दोन्ही १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिनसह (लायसोसोममधलं पचन थांबवणारं रसायन) आणि त्याविना. मोजायचं ते एलसी३-२, म्हणजे ऑटोफॅगोसोमच्या पटलाला चिकटलेलं, त्याची खूण ठरणारं प्रथिन. बॅफिलोमायसिन टाळलं तर एलसी३-२ वाढलं ते उत्पादन वाढल्यामुळे की लायसोसोममधला निचरा तुंबल्यामुळे, हे कळणार नाही. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून पडद्यावर ओळखण्याची पद्धत) जेल १५ टक्क्यांची, पीव्हीडीएफचा पडदा ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा घ्या, ०.४५ मधून एवढं लहान प्रथिन निसटतं. एलसी३-२ ला लिपिड जोडलेलं असूनही ते बिनलिपिडच्या एलसी३-१ च्या खालीच धावतं; पट्ट्यांना उलटी नावं देणारे पुष्कळ.

यातून ऑटोफॅजीचा वेग कळेल, संपर्क नाही. साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, त्यामुळे लाल-हिरवं मिसळून पिवळं दिसलं एवढ्यावर 'संपर्क' म्हणता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन टोमोग्राफी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमितीय चित्र), किमान प्रॉक्झिमिटी लायगेशन (दोन प्रथिनं अगदी जवळ असली तरच चमक देणारी चाचणी) तरी हवं. चमकणारा टॅग जोडलेलं डीएफसीपी१ पेशीत घातलंत तर अगदी कमी प्रमाणात. ते जास्त झालं की स्वतःच ऑटोफॅजी दाबतं. एवढी साधनं नसतील तर एमएफएन२ चा एसआयआरएनए (ते प्रथिन बनणं कमी करणारा छोटा आरएनए) देऊन वरचे चार नमुने पुन्हा करा. पण एमएफएन२ मायटोकॉन्ड्रिया एकमेकांत जोडायचंही काम करतं, म्हणून जोडीला पॅक्स२ स्वतंत्रपणे कमी करून पाहा. दोघांचा निकाल एकाच दिशेला गेला तरच संपर्काचं नाव घ्या.