वाचकांचे प्रश्न : एसीचा झोत, पत्र्याची शेड

प्रश्न : होटगी रोडवरच्या आमच्या ऑफिसात छताला चार बाजूंनी हवा सोडणारा कॅसेट एसी आहे. तापमान २३ अंशांवर असतं. तीन-चार टेबलांवरच्यांची मान आखडते, बाकीचे मजेत. मेकॅनिकनं टेबलापाशी हवेचा वेग मोजणारा मीटर धरला, तर वेग शून्य. मग तक्रार खोटी समजायची का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तक्रार खरी असू शकते, मीटर या कामाचा नाही. फिरत्या पात्याचा मीटर जाळीजवळच्या जोराच्या हवेसाठी असतो. टेबलापाशी सेकंदाला पाव मीटर वेगाची हवा असली, तर पातं बहुधा हलतही नाही. इथे तापलेल्या टोकाचा, सगळ्या दिशांची हवा टिपणारा अॅनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारा मीटर) हवा.

ऑफिस रोजच्यासारखं भरलेलं असतानाच मोजा. माणसांच्या आणि संगणकांच्या उष्णतेनं वर चढणारी हवा झोताची वाट बदलते, म्हणून रविवारी रिकाम्या खोलीत घेतलेले आकडे फसवे. खुर्चीशी जमिनीपासून ०.१, ०.६ आणि १.१ मीटरवर तीन-तीन मिनिटं नोंद घ्या. सरासरी वेग हवाच, पण चढउतारही हवा. धक्क्याधक्क्यानं येणारी हवा एकसारख्या हवेपेक्षा जास्त बोचते. वेगाच्या प्रमाण विचलनाला (नोंदी सरासरीच्या किती आजूबाजूला पसरल्या आहेत त्या मापाला) सरासरीनं भागून १००नं गुणलं की चंचलतेचे टक्के मिळतात.

आता आयएसओ ७७३० या खोलीतल्या हवेच्या सुखदपणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं गणित. ३४ मधून हवेचं तापमान वजा करा. सरासरी वेगातून ०.०५ वजा करून उरलेल्याचा ०.६२ घात घ्या. वेग, चंचलता आणि ०.३७ यांच्या गुणाकारात ३.१४ मिळवा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे झोताचा त्रास वाटणाऱ्यांची अंदाजे टक्केवारी. २३ अंश, ०.२५ मीटर वेग आणि ४० टक्के चंचलता असेल, तर ११ × ०.३६९ × ६.८४, म्हणजे सुमारे २८. मधल्या प्रतीच्या जागेसाठी मर्यादा २० टक्के आहे. वेग ०.१५ वर आणला की हाच आकडा १४ होतो. घोट्यापाशी आणि डोक्यापाशी (०.१ आणि १.१ मीटर) तापमानाचा फरकही ३ अंशांच्या आत हवा.

झोत कुठून येतो ते उदबत्तीच्या धुरानं कळेल. टोकाजवळचा धूर गरम असल्यानं आपोआप वर जातो. थोडा दूर गेलेला धूर पाहा. बहुतेक वेळा छताला चिकटून जायला हवी ती हवा तुळईला आपटून खाली वळते, नाहीतर पंखा अगदी मंद केल्यामुळे जड गार हवा थेट डोक्यावर कोसळते. दुसऱ्या प्रकारात पंखा वाढवल्यावर त्रास कमी होतो. पटायला अवघड आहे, पण करून बघा. एसीची तुळईकडची फट बंद करायची असेल, तर कंपनीच्याच पट्टीनं करा. पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावली की पाणी साचून ठिबकतं. अर्थात टेबल दोन हात सरकवणं सगळ्यात स्वस्त.

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, वर पत्रा. मे महिन्यात पंख्याची हवाच भाजते. तिथे हेच सूत्र लावता येईल का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. ते २० ते २६ अंशांसाठी आणि अर्ध्या मीटरपेक्षा कमी वेगासाठी आहे. कातडीचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा ४१ अंशांची असेल, तर पंखा अंगाला उष्णता देतो आणि दिलासा फक्त घाम वाळल्यानं मिळतो.

आधी काळ्या गोळ्याचा थर्मामीटर (आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची उष्णताही टिपणारा) कामगार उभा राहतो तिथे टांगा आणि निदान वीस मिनिटं थांबा. तो साध्या थर्मामीटरपेक्षा चार-पाच अंश वर असेल, तर पत्रा खाली उष्णता फेकतोय आणि पंखे वाढवून तो भाग सुटत नाही. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग द्या, जमल्यास खालून उष्णतारोधक थर बसवा.

कूलर घेताना हिशोब असा : ४१ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या थर्मामीटरचा (टोकाला ओलं कापड गुंडाळलेल्या) आकडा २३च्या आसपास येतो, त्यामुळे चांगल्या पॅडचा कूलर २७ अंशांच्या जवळची हवा देऊ शकतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आत दमटपणा साचत जातो. हवेत ओलावा टिकावा आणि सूत तुटू नये म्हणून शेड बंद ठेवायची सवय नेमकी इथे आड येते. माग आणि माणूस यांच्या गरजा वेगळ्या आहेत, म्हणून कूलरची हवा कामगाराच्या उभं राहण्याच्या जागेवरच सोडा. जुलैत हवा दमट झाली की कूलर बंद, नुसते पंखे चालू.