फ्लायबॅक पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट स्थिर राहत नसतील तर

आधी जीव सांभाळा. २३० व्होल्ट एसीवर प्रायमरीच्या (मेन्सकडच्या बाजूच्या) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. प्लग काढून तो १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करूनच हात लावा.

लोडशिवाय निदान करू नका. रिकामा सप्लाय बर्स्टमध्ये (थांबून-थांबून) चालला तर उगाच शंका येते. आउटपुटवर १५ ओहम, २० वॅटचा रेझिस्टर लावा. सुरक्षेसाठी मेन्सला सिरीजमध्ये जोडलेल्या बल्बमुळेही व्होल्टेज झोके खाते, हे लक्षात ठेवा.

आउटपुट ठरावीक लयीत येत-जात असेल तर कंट्रोलर आयसीचा व्हीसीसी (त्याला चालवणारे व्होल्टेज) मोजा, मीटरची काळी वायर प्रायमरीच्या ग्राउंडवर ठेवून. यूसी३८४२ हा कंट्रोलर साधारण १६ व्होल्टला सुरू होतो आणि १० ला बंद पडतो. रीडिंग याच दोन आकड्यांत फिरत असेल तर पहिला संशय व्हीसीसीच्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. तो हीटसिंकजवळ असेल तर लवकर सुकतो. नंतर ऑक्झिलरी वाइंडिंगचा (ट्रान्सफॉर्मरवरून व्हीसीसी पुरवणाऱ्या गुंडाळीचा) डायोड बघा. सेकंडरीचा (आउटपुट बाजूचा) डायोड शॉर्ट असला तरी असेच दिसते.

व्हीसीसी स्थिर आहे? मग आउटपुट कपॅसिटर. कपॅसिटन्स बरोबर दाखवूनही ते खराब असू शकतात, म्हणून ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रोध) मोजा. बदली लो-ईएसआर, १०५ अंशांचीच घ्या.

शेवटी टीएल४३१, म्हणजे आउटपुटवर लक्ष ठेवणारा रेफरन्स आयसी. रेफरन्स पिनवर २.५ व्होल्ट हवेत. १२ व्होल्टसाठी त्या पिनच्या वर ३८ आणि खाली १० किलोओहमचा रेझिस्टर. त्याला किमान १ मिलिअँपिअर लागतो, त्यासाठी ऑप्टोकप्लरच्या (प्रायमरीला प्रकाशाने इशारा पोचवणाऱ्या भागाच्या) एलईडीला समांतर १ किलोओहम असतो. तोही तपासा. कॅथोड-रेफरन्समधल्या कपॅसिटरची किंमत मात्र अंदाजाने बदलू नका. फीडबॅक लूप तिथेच बिघडतो.