वाचकांचे प्रश्न : रीफ टाकीला आधी काय घ्यावं?

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्याकडे रीफ टाकी (प्रवाळांची समुद्री टाकी) आहे. संप (मुख्य टाकीला जोडलेली खालची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी २०० लिटर. झोअँथिड, मशरूम असे मऊ प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश. दिवे, हीटर, प्रवाहाचे पंप आहेत. दुकानदार म्हणतो, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारा), ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारा), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), डोसिंग पंप (मोजून द्रावण घालणारा) आणि कॅल्शियम रिअ‍ॅक्टर (प्रवाळांना कॅल्शियम पुरवणारा) हवाच. सगळं एकदम परवडणारं नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : ऑटो टॉप-ऑफपासून. यादीतली ही सगळ्यात साधी वस्तू, पण टाकीला रोज उपयोगी पडणारी. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. हिवाळ्यात घर गरम ठेवल्यावर हवा कोरडी होते आणि दिवसाला ३ लिटर सहज उडतात. चार दिवस गावाला गेलात तर १२ लिटर गेले, म्हणजे खारटपणा (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ वरून ३७ च्या वर. परत आल्यावर घाईने १२ लिटर गोडं पाणी ओतलंत, तर तो झटका आणखी वाईट.

पातळी मुख्य टाकीत उतरत नाही, संपच्या शेवटच्या, पाणी वर परत पाठवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात उतरते. सेन्सर तिथेच लावा. भरायचं ते आरओ-डीआयचं (फिल्टरने क्षार काढलेलं) गोडं पाणी, मिठाचं नव्हे.

आता हे यंत्र बिघडतं कसं ते पाहा. फ्लोट स्विचवर (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारा सेन्सर) गोगलगाय बसते, तो खालीच अडकतो आणि पंप साठ्यातलं सगळं पाणी आत ओततो. म्हणून साठा १५ लिटरच ठेवा. सगळा रिकामा झाला तरी खारटपणा साडेबत्तीसच्या आसपास थांबतो. ४० लिटर गेले तर २९ वर येईल. शिवाय तेवढं जास्तीचं पाणी संपमध्ये मावतं का, तेही आधी बघा. दोन सेन्सरवालं मॉडेल घ्या. नळीचं टोक संपमधल्या आणि साठ्यातल्या, दोन्ही पाण्यांच्या पातळीच्या वर राहू द्या, नाहीतर साठा उंचावर असल्यास पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं.

दुसरा नंबर स्किमरचा, पण घाई नाही. दोनच मासे आहेत, तेव्हा आठवड्याला २० ते ३० लिटर पाणी बदललंत तरी भागेल. मासे वाढवाल तेव्हा घ्या.

डोसिंग पंपाचा निर्णय पाणी तपासायच्या किटवर सोडा. सोमवारी अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट, जे प्रवाळ वापरतात) मोजा, मध्ये काही न घालता गुरुवारी पुन्हा मोजा. ८.५ वरून ७.९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) झाली, तर रोजचा खप ०.२. एवढं नुसतं पाणी बदलण्यातून पूर्ण भरून निघत नाही. कमी पडेल तेवढा खायचा सोडा हाताने घाला. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम लागतो, म्हणजे तुमच्या टाकीला ६. तो गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवून जोरदार प्रवाहात हळूहळू ओता. दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. कॅल्शियमचं द्रावण त्याच वेळी, त्याच जागी घातलंत तर दोन्ही मिळून पांढरी भुकटी होते आणि दोन्ही वाया. खप ०.५ च्या वर गेला की पंपाचा विचार करा. मशरूमच्या टाकीत ती वेळ बहुधा येत नाही.

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर कठीण प्रवाळांनी गच्च भरलेल्या मोठ्या टाकीसाठी असतो. तुम्हाला नकोच. यूव्ही फक्त पाण्यात तरंगणारे जीव मारतो, माशाच्या अंगावर बसलेला रोग नाही. ते पैसे नव्या माशांच्या क्वारंटाइन टाकीवर घाला.

प्रश्न : ठाण्यात समुद्री माशांची टाकी आहे, प्रवाळ नाहीत. मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर जातं. चिलर घ्यावा का?

उत्तर : आधी पंखा लावून बघा. झाकण काढा, वर जाळी टाका (मासे उड्या मारतात) आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा. हवा कोरडी असेल तर दोन-तीन अंश उतरतात. दमट हवेत वाफच कमी होते, त्यामुळे उताराही कमी. पंख्याने पाणी जास्त उडतं, तेव्हा गोडं पाणी सकाळ-संध्याकाळ घाला. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून रात्री एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू हवा, आणि वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप.

एवढं करूनही २९ च्या खाली येत नसेल, तर चिलर. तो कपाटात कोंडू नका. पाण्यातली उष्णता तो बाहेर फेकतो. तीच हवा कपाटात फिरत राहिली की तो अखंड चालतो आणि वीजबिल तेवढं वाढतं.

एक इशारा : पुढे प्रवाळ ठेवायचा मोह झाला, तर रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा काढून आणणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : नवा स्किमर लावल्यापासून कप सारखा भरून वाहतो. खराब निघाला का?

उत्तर : बहुधा नाही. नव्या प्लास्टिकवरचा तेलकट थर जाईपर्यंत आठवडा-दोन आठवडे असं होतं. तोवर कप वर उचलून ठेवा. खडक चिकटवायला इपॉक्सी वापरलं असेल, तरी फेस उसळतो. दोन दिवस स्किमर बंद ठेवा, एअरस्टोन मात्र चालू. तरीही थांबलं नाही, तर संपमधली पातळी मोजा. उत्पादकाने सांगितलेल्या खोलीपेक्षा २ सेंटिमीटर जास्त असली तरी कप वाहतो. खाली फरशीचा तुकडा ठेवून स्किमर तेवढा उचला.